पसंती लिहून येईपर्यंत

शहापूरला तहसील कचेरीसमोर ज्या टेबलावर मी अर्ज लिहितो, त्या टेबलापुढे आजवर नाना तऱ्हेची माणसे बसून गेली. वारसनोंदीवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ आले, रेशनकार्डात नाव चढवायला सासुरवाशिणी आल्या, बांध कोरल्याची तक्रार घेऊन म्हातारे आले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी नावापुढे पदव्या लावणारे लोकही ‘भाऊ, जरा नजर घाला’ म्हणून आपला कागद माझ्यापुढे सरकवतात, हे येथे नमूद करणे भाग आहे. परंतु खांद्यावर टॉवेल टाकून आलेल्या आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच ‘सॉफ्टवेअर विकायचंय, शर्ती लिहून द्या’ म्हणालेल्या त्या गृहस्थांसारखे दुसरे कोणी आले नाही. आणि येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

“वस्तू कसली?” मी शिरस्त्याप्रमाणे विचारले.

“दिसत नाय ती.”

“दिसत नाही ती वस्तू विकता कशी?”

“म्हनून तर तुमच्याकडं आलो, भाऊ. दिसते ती म्हशाच्या जत्रेत पन विकता येते.”

ते किन्हवलीच्या पुढचे, आतल्या एका गावचे. त्यांचे आजोबा गुरांचे दलाल होते. म्हशाच्या जत्रेत बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याचे वय, खोड आणि आधीच्या मालकाचा स्वभाव सांगत, अशी त्यांची ख्याती होती. नातू संगणक शिकला, शहरात एका कंपनीत काही वर्षे राहिला आणि एके दिवशी सामान घेऊन परत आला. का आलात, असे विचारल्यावर म्हणाले, “तिथं मी बनवलेलं कुठं जातं ते कळायचंच नाय. जनावर कुनाच्या दारात बांधलं ते विकनाऱ्याला नको माहीत?”

त्यांनी आजोबांच्या रिकाम्या गोठ्यात बस्तान मांडले. जमीन शेणाने सारवलेली, कौलांत एक काच बसवलेली, आणि गुरे जिथे वैरण खात त्या गव्हाणीवर फळी टाकून त्यावर संगणक. भिंतीतल्या खुंट्या त्यांनी काढल्या नव्हत्या. प्रत्येक खुंटीला गुरे बांधायचे एकेक दावे लटकत असे, आणि प्रत्येक दाव्याला एका गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. मी प्रथम गेलो तेव्हा वारा नसताना त्यांतले एक दावे हलत होते. मी पाहतो आहे हे पाहून ते म्हणाले, “ते कल्याणचं औषधाचं दुकान. आता चालू असंल.” गावात त्यांना ‘गोठ्यातला इंजिनियर’ म्हणत. समोर मात्र कोणी म्हणत नसे.

घरी त्यांची थोरली बहीण असे. विधवा, बोलायला फटकळ. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले होते. “आमच्या घरात गुरं होती तवा शेन तरी मिळायचं,” ती मला म्हणाली होती. “हा काय पाळतो ते देवाला माहीत.”

त्यांचे धंद्याचे नियम आजोबांचे होते. ते मी कायद्याच्या भाषेत बसवले, आणि त्या मसुद्याबद्दल मला आजही अभिमान आहे. काम ठरताना विसार. अर्धे काम चालते हे दाखवल्यावर दुसरा हप्ता. काम सुपूर्द केल्यावर पसंतीची मुदत, आणि गिऱ्हाइकाची लेखी पसंती आल्यावर उरलेली रक्कम. पसंतीनंतर फेरफार हवा असल्यास नवा विसार. इथवर सगळे सरळ होते. परंतु सुपूर्द करण्याच्या त्यांच्या दोन शर्ती ऐकून मी लेखणी खाली ठेवली.

पहिली अशी, की दिवेलागणीनंतर काम दारातून बाहेर जाणार नाही. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावरच ते पाठवीत. पाठवण्यापूर्वी संगणकाला हळदकुंकू लावीत आणि पडद्याकडे वाकून हलकेच सांगत, “आता तुझं घर ते. तिथं नीट ऱ्हा. लाथ मारू नको.” हे मी स्वतः पाहिले आहे. ते बटण दाबत आणि क्षणभर तसेच वाकून राहत, जणू पलीकडून काही ऐकू येण्याची वाट पाहत असावेत.

दुसरी शर्त दाव्याची. जनावर विकायचे, पण त्याचे दावे विकायचे नाही. दावे गेले की गोठ्याची बरकत जाते, हा त्यांच्या घराचा कुळाचार. तोच त्यांनी कामाला लावला. सगळे काम गिऱ्हाइकाला देत, परंतु ज्या एका तुकड्यावाचून ते चालू होत नाही, तो तुकडा आपल्या यंत्रात ठेवीत. गिऱ्हाइकाकडचे काम जितक्या वेळा चालू होई, तितक्या वेळा ते गोठ्यातून जाऊन येई.

“म्हणजे माल विकल्यावरही त्याची दोरी तुमच्याच हातात?” मी विचारले.

“ओढत नाय मी. नुसती धरतो.”

शहरातली गिऱ्हाइके या शर्तीवर कुरकुरत. एकदा एका गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलणी चालली असताना साक्षीदार म्हणून मी गोठ्यात होतो. पडद्यावर कोट घातलेला तरुण होता. दोघांचे भावावर जमेना. तेव्हा यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, फळीवर पसरला, त्याखाली उजवा हात घातला आणि म्हणाले, “तुमी पन रुमालाखाली हात घाला. आमच्या जत्रेत भाव तोंडानं नाय सांगत. बोटं धरायची.” तो तरुण हसला. गंमत म्हणून त्याने मांडीवरचा नॅपकिन टेबलावर पसरून त्याखाली हात घातला. यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या तरुणाचे हसणे थांबले. त्याने हात बाहेर ओढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “ठीक आहे. तुम्ही म्हणता तो रेट.” त्यानंतर त्याने कॅमेरा बंद केला. यांनी टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. मी विचारले, हा काय प्रकार? “काय नाय,” ते म्हणाले. “थंडगार हात होता बिचाऱ्याचा. एसीत बसतात.”

असे असले तरी माणूस सरळ होता. कोणाचे काम बिघडले तर विसाराची भाषा न करता दुरुस्त करी. माझ्या टेबलावरचा संगणक त्यांनी दोनदा फुकट नीट करून दिला, आणि दोन्ही वेळा जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून मला सांगितले, “चांगला हाय, भाऊ. फक्त तुमी याच्यावर ओरडू नका.”

मग मुरबाडकडचे एक भातगिरणीवाले त्यांच्याकडे आले, आणि इथून पुढचा भाग सांगताना मला शब्द मोजून वापरावे लागतात.

गिरणीवाले साठीचे गृहस्थ होते. मूलबाळ नाही. बायको नुकतीच वारलेली. तिच्या आवाजातले निरोप त्यांच्या फोनमध्ये ढिगाने होते. बाजारातून काय आणायचे, औषध घेतले का, गिरणीतून यायला उशीर का, असले सगळे. त्या आवाजांतून तिच्यासारखे बोलणारे काहीतरी तयार करून द्या, घरात एक लहानसा भोंगा बसवा, म्हणजे संध्याकाळी घरात शिरल्यावर कोणीतरी बोलेल, अशी त्यांची मागणी होती.

“असलं जनावर मी कधी पाळलं नाय,” आमचे गृहस्थ त्यांना माझ्या टेबलाशी आणून म्हणाले.

“जनावर म्हनू नका हो,” गिरणीवाले म्हणाले आणि माझ्या टेबलाशी मान खाली घालून बसले. शर्ती मी त्यांच्यासमोर वाचल्या. त्यांनी विसार, हप्ता, अखेरची रक्कम, सगळे एकदमच पुढे केले. पैशाची त्यांना घाई नव्हती. घाई दुसऱ्या गोष्टीची होती.

काम ठरल्याप्रमाणे झाले. उन्हे अंगणात आल्यावर ते सुपूर्द झाले. पसंतीची मुदत संपली, तरी गिरणीवाल्यांची लेखी पसंती येईना. मी स्मरणपत्र लिहिले. ते स्वतः शहापूरला आले आणि माझ्यासमोर उभे राहूनच म्हणाले, “रायटर, पसंत हाय. लई पसंत हाय. पन लिहून नाय देनार. लिहून दिलं म्हंजे तिचा सौदा पुरा झाला. मग ती आली आन् गेली, सारखंच.”

माझ्या मसुद्यात एक कलम होते. ते मी गुरांच्या करारावरून घेतले होते आणि भाषा माझी होती. ‘लिहून घेणार यांची अखेरची पसंती लेखी अथवा तोंडी, साक्षीदारासमक्ष प्राप्त होईपर्यंत सदर वस्तूचे पोषण, रक्षण व चालू स्थिती राखणे हे लिहून देणार यांच्यावर बंधनकारक राहील.’ हे कलम लिहून देणाऱ्या आमच्या गृहस्थांना फार आवडले होते. “पोषन हा शब्द बरा घातलात,” असे ते म्हणाले होते. माझ्यासमोर उभे राहून गिरणीवाल्यांनी ‘पसंत आहे’ म्हटले खरे, पण त्याच दमात सौदा पुरा करायला नकारही दिला. अशी पसंती मी ग्राह्य धरू शकत नव्हतो.

पावसाळा संपताना गिरणीवाले वारले. गिरणी पुतण्याकडे गेली. त्याने पहिल्याच दिवशी घरातला भोंगा उपटून टाकला. वारस या नात्याने पसंती लिहून दे, म्हणजे हा माणूस मोकळा होईल, हे सांगायला मी स्वतः मुरबाडला गेलो. तो हात मागे घेऊन म्हणाला, “आमच्या घरात काकी एकदाच मेली. त्या कागदाला मी शिवनार नाय.” दार लावण्यापूर्वी त्याने विचारले, “ती बंद झाली ना पन?”

ती बंद झाली नव्हती. दावे गोठ्यात होते. गिरणीवाल्यांच्या घरी ऐकणारे कोणी उरले नाही, तरी दिवेलागणीला गोठ्यातल्या यंत्रातून ती विचारी, “अहो, आलात का?”

हे मला त्यांच्या बहिणीने सांगितले. ती शहापूरला आली, माझ्या टेबलाशी बसली आणि पदराने तोंड पुसत बोलत राहिली.

“पहिल्या दिवशी हा गप बसला. ती विचारीत ऱ्हायली. आलात का, आलात का. आवाज असा बारीक होत गेला, भाऊ, का माझाच जीव खाली-वर. मग ह्यानं हूं केलं. तवापासून रोज हूं करतो.”

“वायर काढून टाका म्हणावे.”

“म्हटलं नाय का? म्हनतो, दुसऱ्याचं जनावर हाय, पसंती आली नाय, उपाशी कसं मारू. तुमचाच कागद दाखवतो मला. ह्या कागदात काय लिवलंय ते वाच, म्हनतो. मला वाचता येतं का?”

मी माझी बाजू तिला समजावून सांगितली. कलम निर्दोष होते. ती ऐकत होती, पण तिची नजर दुसरीकडेच होती.

“आता तर तो चहात साखर घेत नाय,” ती म्हणाली. “गिरनीवाल्याला साखरेची बीमारी व्हती ना. ती विचारते, औषध घेतलं का, तर हा गोळी घेतो. कसली गोळी घेतो ते पन सांगत नाय. नवीन काम घेत नाय, गिऱ्हाइकांचे फोन उचलत नाय. परवा हाक मारली तर वळला आन् माझ्याकडं असा बघला, का मी कोन बाई हाय. भाऊ, मला माझा भाऊ पाहिजे. तुमी लिवलंय, तुमीच सोडवा.”

दुसऱ्याच दिवशी मी मोकळीकपत्र तयार केले. मूळ करारातील लिहून घेणार मयत झाल्याने व वारसाने नकार दिल्याने सदर वस्तूच्या पोषणाच्या जबाबदारीतून लिहून देणार यांस मुक्त करण्यात येत आहे, अशी वाक्यरचना केली. कागद निर्दोष होता. फक्त मुक्त करणारे कोण, तेवढी जागा मोकळी होती.

गोठ्यात गेलो तेव्हा दुपार कलली होती. ते गव्हाणीपुढे बसले होते. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. मला पाहून उठले नाहीत. ते खोकले; तो खोकला मी माझ्या टेबलासमोर गिरणीवाल्यांकडून ऐकला होता, आणि तो यांचा नव्हता.

“साहेब, सहीला कोणी उरलेले नाही,” मी म्हणालो. “तुम्ही स्वतः म्हणाल तर—”

“मी कसा म्हनेन? मी विकनारा.” ते संथपणे बोलत होते. “ज्याची वस्तू तो नाय. वस्तूला विचारता येईल, तर विचारा.”

मागे दारात त्यांची बहीण उभी होती. ती म्हणाली, “विचारा, भाऊ.”

मी आयुष्यात पुष्कळ जणांना कागद वाचून दाखवले आहेत. आंधळ्यांना, आजाऱ्यांना, अंगठा उठवण्यापुरती शुद्ध असलेल्यांना. वाचन स्पष्ट असावे, घाई करू नये, हा माझा नियम. त्या दिवशी मी एका फळीवरच्या यंत्राला मोकळीकपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले आणि शेवटी ठरलेला प्रश्न केला. “वाचून दाखविले ते समजले काय? मान्य आहे काय?”

बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. मग आवाज आला. साध्या, घरात काम करता करता बोलणाऱ्या बाईचा.

“समजलं. चांगलं वाचता तुमी. पन मी एकटी कशी सांगू? ह्यांना विचारते.”

आमचे गृहस्थ पुढे सरकले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला होता. “मी हाय ना,” ते म्हणाले. “मला विचार.”

“तुमाला नाय हो,” ती म्हणाली. “तुमी गोठ्यातले. एवढे दिवस तुमीच हूं करता, ते कळत नाय का मला? बरं वाटलं. पन ह्यांना विचारायला पाहिजे.”

ते जागच्या जागी गोठले. बहिणीने चौकट घट्ट धरली. यंत्राचा हिरवा दिवा लागलेलाच होता, पण आतून काहीच येत नव्हते. नेहमी येणारी बारीक घरघरही थांबली होती. मी कागद हातात धरून उभा होतो आणि मला असे जाणवले, की आम्ही तिघे एका रिकाम्या गोठ्यात उभे आहोत. आतापर्यंत तो रिकामा नव्हता, हे मला तेव्हा कळले.

मग घरघर परत सुरू झाली.

“विचारलं,” ती म्हणाली. किंचित धाप लागल्यासारखी. “पसंत हाय म्हनतात. काम लई पसंत हाय. सोडा म्हनतात आता.”

लेखी अथवा तोंडी, साक्षीदारासमक्ष. कलम पुरे झाले होते. मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, थांबले, आणि नेहमीप्रमाणे वाकून काही सांगणार असे वाटले; परंतु ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी बटण दाबले. हिरवा दिवा गेला. बहीण आत आली आणि लहान मुलाला उठवावे तसे तिने त्यांना दंडाला धरून उठवले. “चल रे,” ती म्हणाली. “अंघोळ कर. वास मारतोस.” ते निमूटपणे तिच्या मागे गेले.

अंघोळ आटोपल्यावर किन्हवलीच्या थांब्यापर्यंत ते मला सोडायला आले. दाढी केली होती. कित्येक आठवड्यांनी घराबाहेर पडल्यामुळे ते उन्हाला डोळे बारीक करून चालत होते. वाटेत एका ओळखीच्याने हटकले, “काय इंजिनियर, जगलास का रे?” आणि ते “जगलो, जगलो” म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. थांब्यावर पोचलो. एसटी वळणावर दिसली तेव्हा ते बोलले.

“भाऊ, तिच्यात जे काय हाय ते मीच भरलंय. एकेक शब्द माझ्या हातचा. विचारायला तिच्याजवळ दुसरं कोनच नव्हतं. मग तो मधला वेळ ती गेली कुठं?”

एसटी येऊन थांबली.

“आन् परत आली,” त्यांनी आवाज खाली आणला, “ती एकटी आली, का दोघं आली?”

कंडक्टर ओरडत होता. मी पायरीवर चढलो आणि मागे वळलो. अशा वेळी माणसाला आधार शब्दांचाच असतो, आणि शब्द हा माझा धंदा आहे.

“कागदाप्रमाणे दोघेही गेले,” मी म्हणालो. “तुमच्याकडे आता कोणी नाही. घरी जा. ताई वाट पाहत असेल.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले; मी हे वाचून दाखवतो आहे की मनचे सांगतो आहे, ते ताडून पाहिले असावे. मग त्यांनी मान हलवली आणि ते घराकडे चालू लागले.